डब्याला डबा

“मग माझं चुकलं कुठं, अप्पाजी?”

अप्पाजी बाज विणत होते.

“ती दोरी जरा ताणून धर,” ते म्हणाले.

मल्लिनाथ हत्तुरेनं दोरी ताणून धरली. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मनगटावर सोनेरी घड्याळ आणि हातात काथ्याची दोरी. तालुक्याच्या बाजारपेठेतून तो चालला की लोक दुकानाच्या पायरीवर उठून उभे राहायचे. इथं माळावरच्या मठात, लिंबाच्या सावलीत, तो एका म्हाताऱ्या स्वामींच्या बाजेचं टोक सांभाळत होता.

“कुणाचं नुकसान झालं नाही,” तो म्हणाला. “झालं ते माझं एकट्याचं. तरी जिवाला घोर लागलाय.”

“कसला घोर?”

“तेच तर कळत नाही.”

“मग पहिल्यापासून सांग. दोरी सोडू नको.”

मल्लिनाथनं सांगायला सुरुवात केली.

हत्तुरेंचं शेंगदाणा तेल त्या भागात घरोघर जायचं. लाकडी घाणा, वडिलांच्या वेळेपासूनचा. सासुरवाशीण नव्यानं वाणसामान आणायला निघाली की सासू मागून ओरडायची, बाकी कुठूनही आण, तेल मात्र हत्तुरेंचं. मल्लिनाथला या गोष्टीचा फार अभिमान. भेसळीचा विषय निघाला की तो काही बोलायचा नाही, नुसता हसायचा. ते हसणंच पुरे असायचं.

या पावसाळ्यात गोदामाचा मागचा कोपरा गळला. कुणाच्या ध्यानात आलं नाही. भिंतीला लागून शेंगांच्या पोत्यांची थप्पी होती. वरची पोती घाण्याला गेली, खालची राहिली. मग एके दिवशी मल्लिनाथला कुबट वास आला. त्यानं एक पोतं उसवायला लावलं. आत हात घातला. हात बाहेर आला तो हिरवा-काळा.

बुरशी.

तेलवाल्यांच्या एका मेळाव्यात त्यानं डॉक्टरांचं भाषण ऐकलं होतं. या बुरशीचं विष तेलात उतरतं. वास येत नाही, रंग बदलत नाही, खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. हळूहळू लिव्हर जातं.

आणि त्याच थप्पीतल्या वरच्या पोत्यांचं तेल डब्यांत भरून केव्हाच घरोघर गेलं होतं.

“मग?” अप्पाजींनी विचारलं.

“त्याच क्षणी घाणा थांबवला. उरलेली सगळी पोती शेतात खड्डा काढून पुरली. चांगली होती तीसुद्धा. पण गेलेल्या तेलाचं काय? तेल खराब आहे असं सांगितलं असतं तर गावात हाहाकार झाला असता. घाण्यावरच्या माणसांची घरं बसली असती. म्हणून मी…”

त्यानं दोरीचा पीळ नीट केला.

“म्हणून मी वर्धापनदिन काढला.”

“कुणाचा?”

“घाण्याचा. खरं म्हणजे घाणा नेमका कधी सुरू झाला ते वडिलांनाही आठवत नव्हतं. रिक्षावर कर्णा लावून गावोगाव फिरवला. डब्याला डबा! घरातला जुना डबा आणा, कितीही रिकामा असो, नवा भरलेला डबा न्या! लोक नुसते तुटून पडले, अप्पाजी. परत आलेलं तेल मी माझ्या हातानं ओतून टाकलं. साबणवाला मागत होता, त्यालाही दिलं नाही. मला केवढ्याला पडलं ते माझं मला माहीत. पण लोकांच्या पोटातलं विष तर थांबलं?”

अप्पाजींनी दोरीला एक वेढा दिला.

“लोक काय म्हणाले?”

“देवमाणूस म्हणाले. व्यापारी संघानं सत्कार ठरवलाय, सचोटीचा मानकरी म्हणून. खरं तर मी तुम्हाला आमंत्रण द्यायलाच आलो होतो. मानपत्र तुमच्या हातून मिळावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. पण इथं आलो आणि तोंडून भलतंच निघालं.”

“कधी आहे सत्कार?”

“सोमवारी.”

“येईन,” अप्पाजी म्हणाले.

मल्लिनाथच्या हातातली दोरी सैल पडली.

“येणार? हे सगळं ऐकूनसुद्धा?”

“बोलावलंस ना?”

“हो, पण… म्हणजे मी केलं ते बरोबर केलं?”

“मी येतो एवढंच म्हणालो. दोरी ताण.”

मल्लिनाथनं दोरी ताणली. त्याला काही उमजेना. स्वामी रागावले असते तर त्यानं पाय धरले असते. पाठ थोपटली असती तर निवांत घरी गेला असता. यातलं काहीच होत नव्हतं.

“तू कुणाला वाचवलंस?” अप्पाजींनी विचारलं.

“लोकांना.”

“आणि?”

“आणि… घाण्याचं नाव.”

“आधी कुणाला?”

मल्लिनाथ आठवू लागला. गोदाम, उसवलेलं पोतं, हिरवा-काळा हात. त्या वेळी मनात पहिलं कोण आलं? तेल खाणारी माणसं, की दुकानाबाहेर जमू शकणारा चिडलेला घोळका? त्यानं मनापासून आठवून पाहिलं. कधी हे आधी आल्यासारखं वाटे, कधी ते.

“आठवत नाही,” तो म्हणाला. “खरंच आठवत नाही, अप्पाजी.”

“असू दे. डबे सगळे परत आले?”

“जवळजवळ.”

“जवळजवळ म्हणजे?”

“फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतंय? आले असतील सगळे.”



तेवढ्यात मुदपाकखान्यातून सुगलाबाईनं हाक दिली. सुगलाबाई मठाचा स्वयंपाक करायची. नवरा गेल्यापासून तिचा दिवस मठातच जायचा. मठाच्या पडक्या कुंपणभिंतीचं काम करणारे गवंडी हातपाय धुऊन आले. ओसरीवर पंगत बसली. मल्लिनाथला अप्पाजींनी आपल्या शेजारी बसवलं.

ज्वारीची भाकरी, तुरीच्या डाळीची आमटी, शेंगाचटणी. अप्पाजींनी पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी जेवायचं नाही अशी तिथली रीत होती.

सुगलाबाई चटणीवर तेल घालत आली.

“तुमच्या पानात जरा जास्तच घालते, मालक. तुमचंच तेल हाय.”

मल्लिनाथ हसला. “नव्या डब्यातलं ना? कसं आहे?”

“नवा कुठला ओ? श्रावणातलाच हाय. अजून अर्धा उरलाय.”

मल्लिनाथचं हसू तोंडावरच राहिलं.

“बदलून नाही घेतला? रिक्षा आली नाही का इकडं?”

“आली की. केवढ्यानं ओरडत होती.”

“मग?”

सुगलाबाई जराशी लाजली.

“तसं कसं घ्यायचं, मालक? अर्धा डबा आम्ही खाल्ला. अर्धा रिकामा डबा देऊन भरलेला आणायचा? तुम्ही भले माणूस, म्हणून तुम्हाला लुबाडायचं का? माझ्या मनाला नाही पटलं.”

ती पुढच्या पानाकडे वळली.

मल्लिनाथला काय करावं कळेना. चटणीवर तेल चमकत होतं. गवंडी अप्पाजींच्या हाताकडे बघत थांबले होते.

“सुगलाबाई,” तो घाईघाईनं म्हणाला, “थांबा. त्या तेलाला जरा… वास लागला असेल. बरेच दिवस झालेत ना. मी उद्याच ताजा डबा पाठवतो.”

“वास? अजिबात नाही ओ. मी रोज बघते की. तुमच्या तेलाला मी नाव ठेवू देणार नाही, तुम्हालासुद्धा!”

गवंडी हसले.

“तसं नव्हे, माझ्याकडून भेट म्हणून. मठाला.”

“भेट द्यायची तर हा सरल्यावर द्या. असलेलं टाकून नवं कशाला घ्यायचं? अन्न हाय ते.”

तो जे जे बोलत होता ते ते ती हसतमुखानं, त्याच्याच भल्यासाठी, परत करत होती. आजवर इतकी गिऱ्हाइकं त्यानं बोलण्यात गुंडाळली होती. ही बाई गुंडाळली जाईना, कारण तिला त्याच्याकडून काही नकोच होतं.

त्यानं अप्पाजींकडे पाहिलं. यांना सगळं ठाऊक आहे. आताच तर सांगितलं. हे काहीतरी बोलतील…

अप्पाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. तेल मुरलेल्या चटणीत बुडवला. मल्लिनाथकडे न बघता घास उचलला.

मल्लिनाथ बघत राहिला. घास ओठांपाशी गेला.

त्यानं झडप घालून अप्पाजींचं मनगट धरलं.

“नका खाऊ! कुणीच खाऊ नका! बुरशीच्या शेंगांचं तेल आहे ते. विष आहे त्यात.”

गवंड्यांनी पानं मागं सारली. स्वामींचा हात असा कुणी कधी धरला नव्हता. मल्लिनाथनं तो सोडला. अप्पाजींनी घास पानात ठेवला.

सुगलाबाई तेलाचं भांडं घेऊन तशीच उभी होती. ती मल्लिनाथकडे नव्हे, भांड्यात बघत होती.

“म्हणून बदलून देत होता?” तिनं विचारलं.

“हो.”

“मग तसं म्हणायचं की ओ. खराब हाय म्हणला असता तर मी पळत आणून दिला असता. सण म्हणला, म्हणून नाही आणला.”



मग सुगलाबाईचा चेहरा अचानक पांढरा पडला.

“पद्मा…” ती म्हणाली. “अगं बाई. महानंदाच्या पोरीला मी बाटलीभर दिलंय. बाळंतपणाला आलीये. चांगलं तेल म्हणून दिलं.”

भांडं खाली ठेवून ती निघालीच. मल्लिनाथ तिच्या मागून धावला.

महानंदाचं घर मठाच्या उताराला लागूनच होतं. महानंदा उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. आत बाळ किरकिरत होतं. सुगलाबाई धापा टाकत आत गेली ती तेलाची बाटली घेऊनच बाहेर आली. बाटलीत तळाला थोडंसं उरलं होतं.

मल्लिनाथनं सगळं सांगितलं. या वेळी त्यानं काही गाळलं नाही.

महानंदानं ऐकून घेतलं. लसणाची पाकळी तिच्या हातातच होती.

“तुम्हाला कधी कळलं?” तिनं विचारलं.

हा प्रश्न अप्पाजींनी विचारला नव्हता. त्याचा त्यालाही कधी सुचला नव्हता.

“रिक्षा फिरवायच्या आधी,” तो म्हणाला.

“मग तवाच का नाही सांगितलं?”

“तुम्ही घाबराल म्हणून.”

“आता नाही का घाबरलो?”

ती उठून लेकीकडे गेली. दार लोटून घेतलं. मल्लिनाथ अंगणात उभा राहिला. कुणी त्याला बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

त्याच दुपारी त्यानं आपल्या गाडीतून पद्माला आणि बाळाला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. मागच्या सीटवर महानंदा बाळाला छातीशी धरून बसली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं. आत्ता तरी काही दिसत नाही, म्हणाले. थोडेच दिवस खाल्लंय, पण लक्ष ठेवा. खात्रीनं सांगता येईल का, असं मल्लिनाथनं दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाही.

दुसऱ्या दिवशी तीच रिक्षा, तोच कर्णा. या वेळी आत मल्लिनाथ स्वतः बसला.

“मी मल्लिनाथ हत्तुरे बोलतोय. श्रावणातलं आमचं तेल खराब आहे. बुरशी लागलेल्या शेंगांचं आहे. वर्धापनदिन खोटा होता. ज्यांच्या घरी डबा उरला असेल त्यांनी वापरू नका…”

पहिल्या चौकात त्याचा आवाज फाटला. पुढं पुढं सवय झाली, आणि सवय झाली याचंच त्याला वाईट वाटलं.

घराघरांतून राहिलेले डबे निघाले. एका निवृत्त मास्तरांकडे निघाला, फुकटाचं घ्यायचं नाही म्हणून त्यांनी ठेवलेला. एका म्हातारीकडे निघाला, रांगेत गरिबांना आधी मिळू दे म्हणून ती थांबली होती. हावरे सगळे केव्हाच सुटले होते. अडकली होती ती अशी माणसं.

एका गल्लीत कुणीतरी शेणाचा गोळा रिक्षावर मारला. वर्गात पोरांनी चिडवलं म्हणून मल्लिनाथची मुलगी शाळेतून रडत आली. व्यापारी संघाचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, “हे चव्हाट्यावर सांगायची काय गरज होती, अण्णा? डबे तर आलेच होते.” सत्कार रद्द झाला.

सोमवारी दुपारी मल्लिनाथ दुकानात एकटाच बसला होता. समोर एसटी थांबली. खांद्यावर पडशी टाकून अप्पाजी उतरले आणि पायऱ्या चढून आत आले.

“सत्कार नाहीये, अप्पाजी,” मल्लिनाथ ओशाळून म्हणाला. “रद्द झाला. निरोप द्यायचा राहिला.”

“चहा आहे ना?”

चहा आला. दोघं रिकाम्या दुकानात बसून चहा प्याले. रस्त्यावरून जाणारे लोक आत डोकावून पुढं जात होते.

“एक विचारू?” मल्लिनाथ म्हणाला. “त्या दिवशी मी हात धरला नसता, तर तुम्ही खरंच खाल्लं असतं?”

“भूक लागली होती,” अप्पाजी म्हणाले.

चहा संपल्यावर ते परतीच्या गाडीनं निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मल्लिनाथला वाटले होते तसे गेले नाहीत. खरं बोललं की मन हलकं होतं असं त्यानं ऐकलं होतं. त्याचं झालं नाही. गिऱ्हाईक तुटलं. घाण्यावरच्या दोघांना कमी करावं लागलं. त्यांच्या बायका दुकानात येऊन मुकाट उभ्या राहिल्या. पद्माचं बाळ बाळसं धरत होतं, पण त्याला नुसता ताप आला तरी मल्लिनाथला जेवण जात नसे. सुगलाबाई मठासाठी पुन्हा त्याच्याकडूनच डबा न्यायला लागली, फक्त आता आधी गोदामात जाऊन शेंगा हातात घेऊन बघायची. ती शेंगा चोळत असताना मल्लिनाथ दारात उभा राहायचा, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

मग हळूहळू काही जण परत येऊ लागले. एक गृहस्थ तर दुकानात मोठ्यानं म्हणाले, “आता तेल घेणार तर तुमच्याचकडून, अण्णा! स्वतःच्या तोंडानं कबूल करणारा व्यापारी कुठं मिळतो?”

मल्लिनाथला फार बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत राहिलं. आणि संध्याकाळी दुकान बंद करताना तो कुलपाशी तसाच थांबला. हे बरं वाटणं त्याच्या ओळखीचं होतं. वर्धापनदिनाच्या रांगेकडे बघताना अगदी असंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या त्यानं मठाची वाट धरली.

अप्पाजी मठाच्या विहिरीवर धोतर धूत होते.

“अप्पाजी,” तो उभ्या उभ्याच बोलू लागला, “खोटं बोललो तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. खरं बोललो तेव्हा शेण मारलं. आता खरं बोललो म्हणून परत येतात, आणि मला ते आवडतं. आवडलं की भीती वाटते. उद्या मी खरंही विकायला लागेन. मी त्या दिवशी बोललो ते कशामुळं? खरं होतं म्हणून, की घास तुमचा होता म्हणून? नुसते गवंडी असते तर बोललो असतो का? तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही…”

अप्पाजी धोतर पिळत होते.

“दुसरं काही मागत नाही,” मल्लिनाथ म्हणाला. “एवढंच सांगा. मी प्रामाणिक माणूस आहे की नाही?”

अप्पाजींनी धोतर झटकलं, दोरीवर टाकलं, त्याच्या चुण्या हातानं नीट केल्या.

“आज घाण्याला कुठल्या शेंगा लागल्या?” त्यांनी विचारलं.

मल्लिनाथ गोंधळला. घाणा एव्हाना सुरू झाला असणार. कुठलं पोतं फोडलं असेल, कुणी फोडलं असेल…

“बघितलं नाही,” तो म्हणाला. “इकडं यायचं होतं, म्हणून घाईत…”

“बघितलं नाहीस?”

“नाही.”

“मग इथं काय करतोस?”